सास्तूरच्या वह्या : बदललेला पाठ आणि त्याची पडताळणी

धाराशिव जिल्ह्यातील सास्तूर ह्या गावाच्या बाबतीत नाव आणि जागा ह्यांचा संबंध काहीसा विलक्षण आहे. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चारच्या सुमारास झालेल्या भूकंपात तेरणेच्या खोऱ्यातील हे गाव जमीनदोस्त झाले. दगडमातीच्या जाड भिंती आणि त्यांवरची माळवदे ह्यांखाली माणसे झोपेतच गाडली गेली. पुढे जी ५२ गावे पूर्णतः नव्या जागी वसविण्यात आली त्यांत सास्तूरही होते. जागा बदलली, नाव मात्र तेच राहिले. जिल्ह्याच्या बाबतीत ह्याच्या नेमके उलट घडले. जिल्हा जागच्या जागी राहिला आणि त्याचे नाव बदलले. फेब्रुवारी २०२३ मध्ये शहराचे आणि सप्टेंबर २०२३ मध्ये जिल्ह्याचे ‘उस्मानाबाद’ हे नाव जाऊन ‘धाराशिव’ हे नाव अधिकृत झाले. नामांतर उचित की अनुचित हा येथे प्रश्न नाही. प्रश्न आहे तो ह्या दोन बदलांच्या मध्ये सापडलेल्या काही वह्यांचा आणि त्यांतील पाठाचा.

ह्या वह्या सास्तूरच्याच एका प्राध्यापकांच्या आहेत. १९९३ साली ते एम.ए.चे विद्यार्थी होते आणि शहरातील वसतिगृहात राहत असल्यामुळे वाचले. १९९५ ते १९९८ ह्या काळात पत्र्याच्या तात्पुरत्या निवाऱ्यांत आणि पुढे नव्या गावठाणात फिरून त्यांनी ३८ जणांची निवेदने लिहून घेतली. ध्वनिमुद्रणाचे साधन जवळ नव्हते. बोलणाऱ्याच्या तोंडचा शब्द जसाच्या तसा उतरवायचा, आपला शब्द मध्ये घालायचा नाही, एवढा एकच दंडक त्यांनी स्वतःला घालून घेतला होता. व्याकरणाला न मानवणारी रूपे, अर्धवट सुटलेली वाक्ये, एकाच माणसाने एकाच गोष्टीला दिलेली दोन नावे, हे सगळे त्यांनी तसेच राहू दिले. भाषेच्या अभ्यासकाच्या दृष्टीने ह्या वह्यांचे मोल आहे ते ह्यातच.

पुढे ३३ निवेदने संगणकावर उतरविण्यात आली, ती त्या काळी प्रचलित असलेल्या जुन्या टंकात. उरलेल्या पाच वह्या मात्र पेटीतच राहिल्या. त्या घरच्या माणसांच्या होत्या आणि प्राध्यापकांना त्या उघडवत नव्हत्या. भूकंपाला तीस वर्षे झाल्यानंतर संग्रह प्रसिद्ध करावयाचे ठरले, तेव्हा त्यांच्या एका विद्यार्थ्याने ह्या पाच वह्या टंकलिखित केल्या आणि ३८ फाइली प्रथमच एकत्र आल्या.

वास्तविक पाठात पहिला बिघाड ह्याआधीच, कोणाच्या नकळत, झालेला होता. जुन्या टंकांत अक्षराचे दृश्यरूप तेवढे साठविले जाई. ऱ्हस्व वेलांटी डोळ्यांना व्यंजनाच्या आधी दिसते म्हणून ती आधी टंकित होई. युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर येते. म्हणून एका पद्धतीतून दुसरीत जाताना परिवर्तकाला अक्षरांची जागा बदलावी लागते, आणि तेथे तो चुकला की वेलांटी अनाथ होऊन शब्दाच्या पुढे लोंबकळत राहते. असा दोष निदान डोळ्यांना खुपतो. त्याहून फसवा प्रकार मराठीच्या खास ‘ऱ्य’ ह्या जोडाक्षराचा. युनिकोडमध्ये हा ‘ऱ’ एका संकेतांकाने लिहिता येतो, र आणि नुक्ता अशा दोन संकेतांकांनीही लिहिता येतो, आणि र, हलन्तचिन्ह व त्यानंतरचा एक अदृश्य जोडक अशा रीतीनेही तो साधता येतो. तिन्ही रूपे कागदावर सारखीच दिसतात. पण फाइल ‘स्वच्छ’ करणाऱ्या एखाद्या आज्ञेने अदृश्य चिन्हे काढून टाकली, की तिसऱ्या प्रकारच्या ‘ऱ्य’चा ‘र्य’ होतो. ह्या संग्रहात मदत-छावणीतील आचाऱ्यांनी शिजविलेल्या खिचडीचा उल्लेख आहे. रूपांतरानंतरच्या फाइलीत ती खिचडी आचार्यांनी शिजविलेली होती. वाक्य शुद्ध, शब्द कोशातला. शुद्धलेखन तपासणाऱ्या कोणत्याही साधनाने त्यावर बोट ठेवले नसते. प्राध्यापकांना हा दोष योगायोगाने दिसला, त्यांनी तो हसून दुरुस्त केला आणि विषय तेथेच संपला असे मानले. तसे मानणे हीच पहिली चूक होती, असे पुढे त्यांना म्हणावे लागले.

छपाईपूर्वी जिल्ह्याचे नवे नाव सर्वत्र यावे असे ठरले. विद्यार्थी हुशार आणि संगणकात तरबेज. ३८ फाइली एकेक उघडून ‘शोधा आणि बदला’ करीत बसण्यापेक्षा त्याने ‘सेड’ ही आज्ञा वापरली. बेल प्रयोगशाळेत ली मॅकमॅहन ह्यांनी १९७० च्या दशकात लिहिलेली ही आज्ञा आजही जगभर वापरात आहे. मजकूर तिच्यासमोरून ओळीओळीने वाहत जातो आणि दिलेली दुरुस्ती ती प्रत्येक ओळीला लावते. तिला अर्थ कळत नाही. अक्षरांची एक साखळी शोधून तिच्या जागी दुसरी ठेवणे एवढेच तिचे काम. एरवी ती बदललेला मजकूर वेगळा दाखविते आणि मूळ फाइलीला हात लावीत नाही. पण ‘जागच्या जागी बदल’ असे तिला सांगितले, तर जुना मजकूर नाहीसा होऊन नवा त्याच्या जागी येतो, आणि राखीव प्रत ठेवण्यास वेगळे सांगितले नसेल तर मागे काहीच उरत नाही. विद्यार्थ्याने जागच्या जागी बदल केला. राखीव प्रत मागितली नाही.

त्याने एक गोष्ट मात्र चांगली केली होती. आज्ञा चालविण्याआधी ‘उस्मानाबाद’ हा शब्द किती वेळा आला आहे, ह्याची मोजदाद त्याने करून घेतली होती. तो आकडा ४१२ होता. आज्ञा चालविल्यावर त्याने पुन्हा शोध घेतला, तेव्हा काही ठिकाणी जुने नाव शिल्लकच होते. कारण साधे होते. ‘सर्वत्र’ ह्या अर्थाचे एक अक्षर आज्ञेला जोडावे लागते. ते नसेल तर प्रत्येक ओळीतील केवळ पहिला आढळ बदलतो. ते अक्षर जोडून त्याने बदलांची सगळी यादी पुन्हा चालविली आणि परत शोध घेतला. आता उत्तर शून्य आले. “सर, एकही उरला नाही,” असे त्याने कळविले. शून्य हा आकडा दिलासा देणारा खराच. परंतु त्याचा अर्थ एवढाच होता, की शोधलेली साखळी आता कोठेही नाही. ‘ऊस्मानाबाद’ आणि ‘उस्मानबाद’ अशी टंकदोषाची रूपे त्या शून्याबाहेर सुरक्षित होती. आणि जे बदलले ते योग्य बदलले की नाही, ह्याविषयी तो आकडा अवाक्षरही बोलत नव्हता.

प्राध्यापकांना पहिली शंका आली ती एका प्रत्ययामुळे. एका निवेदनात त्यांना ‘धाराशिवेत’ असे रूप दिसले. मराठी बोलणारा कोणीही ‘धाराशिवेत’ म्हणणार नाही. तो ‘धाराशिवात’, ‘धाराशिवला’ किंवा ‘धाराशिवमध्ये’ म्हणेल. ‘उस्मानाबादेत’, ‘हैदराबादेत’ ही रूपे स्वाभाविक आहेत, कारण ‘-बाद’अंती ग्रामनामांचे सामान्यरूप एकारान्त होते. आज्ञेने नाम बदलले, पण त्या नामाने मागे ठेवलेला ‘ए’ तसाच राहिला. मराठीत विभक्तिप्रत्यय नुसता शब्दाला चिकटत नाही. त्याआधी शब्द आपले रूप पालटतो आणि हे पालटणे प्रत्येक नामाचे स्वतःचे असते. गावाचेच नाव घ्यावे. ‘सास्तूर’ ही साखळी शोधली तर ‘सास्तुरात’, ‘सास्तुरास’, ‘सास्तुरकर’ ह्यांपैकी एकही रूप हाती लागत नाही, कारण सामान्यरूपात उपान्त्य ऊकार ऱ्हस्व होतो. जेथे साखळी जुळते तेथे ती बदलल्याने व्याकरण मोडते आणि जेथे जुळत नाही तेथे शब्द निसटतो. इंग्रजीसारखी ज्या भाषेत नामाचे अंग सहसा बदलत नाही, तेथे हा धोका कमी. मराठीत तो पावलोपावली आहे.

मग त्यांनी सगळी कामे बाजूला ठेवून पडताळणी हाती घेतली. ३३ फाइलींची २०१९ मधील एक प्रत पेनड्राइव्हवर होती. जुनी व नवी प्रत समोरासमोर ठेवून फरक दाखविणारी ‘डिफ’ ही आज्ञाही बेल प्रयोगशाळेतीलच. डग्लस मॅकिलरॉय ह्यांनी ती त्याच दशकात लिहिली. दोन्ही प्रतींत समान असलेल्या ओळी ती बाजूला सारते आणि जेथे भेद आहे तेवढ्याच ओळी, जुनी कोणती व नवी कोणती ह्या खुणेसह, एकाखाली एक मांडते. ज्याने कधी पोथ्यांचे पाठभेद टिपले असतील त्याला ही मांडणी परकी वाटणार नाही. अडचण एवढीच आली, की निवेदनाचा एकेक परिच्छेद फाइलीत एकच लांब ओळ म्हणून साठविलेला होता. त्यामुळे एक शब्द बदलला तरी संपूर्ण परिच्छेद बदललेला दिसे, आणि त्यात नेमका शब्द कोणता हे डोळ्यांनीच शोधावे लागे. तेव्हा विद्यार्थ्याने दोन्ही प्रतींत प्रत्येक शब्द वेगळ्या ओळीवर आणून तुलना पुन्हा केली. यादी छापली. प्राध्यापकांनी लाल शाई घेतली.

ह्या ३३ फाइलींत ‘उस्मानाबाद’चे ३७१ बदल झालेले होते. त्यांतील २६८ निवेदकांच्या तोंडचे होते. ५९ संपादकीय टिपांत होते. उरलेले ४४ उताऱ्यांत, ग्रंथनामांत आणि विशेषनामांत होते. बदल करावयाचाच होता तर तो ह्या ५९ जागांपुरता क्षम्य होता, आणि तेथेही प्रत्येक जागा वेगळी पाहावी लागली. २०२० सालच्या जानेवारीत फादर फ्रान्सिस दिब्रिटो ह्यांच्या अध्यक्षतेखाली ९३ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन जेथे भरले त्या शहराचे तेव्हाचे अधिकृत नाव उस्मानाबाद होते. टिपेत काय लिहावे? ‘उस्मानाबाद (आताचे धाराशिव)’ असे त्यांनी लिहिले. फेब्रुवारी ते सप्टेंबर २०२३ ह्या काळातील एका टिपेत तर शहर धाराशिव आणि जिल्हा उस्मानाबाद, हे दोन्ही एकाच वाक्यात बरोबर होते.

४४ जागांची यादी अधिक बोलकी होती. शासनाने १९७२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या उस्मानाबाद जिल्हा गॅझेटियरचे शीर्षक बदलले होते. ह्या नव्या शीर्षकाचे पुस्तक त्या साली कोणत्याही ग्रंथालयात आलेले नाही. मेलेल्या जनावरांच्या एका यादीतील ‘उस्मानाबादी शेळी’ ‘धाराशिवी’ झाली होती. वस्तुतः ‘उस्मानाबादी’ हे एका मान्यताप्राप्त जातीचे नाव आहे आणि जिल्ह्याचे नाव बदलले म्हणून शेळीची जात बदलत नाही. १९९३ च्या एका सरकारी कागदाच्या उताऱ्यात तालुका ‘उमरगा’ आणि जिल्हा ‘धाराशिव’ असा पत्ता तयार झाला होता. भूकंपाच्या वेळी सास्तूर उमरगा तालुक्यात होते, आज ते लोहारा तालुक्यात आहे. त्या कागदावर छापलेला पत्ता कोणत्याच काळी कोणत्याच दप्तरात असणे शक्य नव्हते.

यादीत आणखी एक बदल होता आणि तो ४१२ च्या मोजणीत आलेलाच नव्हता. विद्यापीठाचे पूर्ण नाव सर्वत्र यावे ह्या सद्भावनेने विद्यार्थ्याने ‘मराठवाडा विद्यापीठ’ ह्या साखळीच्या जागी ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ’ असे ठेवण्यास सांगितले होते. हे नामांतर १४ जानेवारी १९९४ चे. त्यासाठी झालेला संघर्ष मराठवाड्याने आपल्या अंगावर झेललेला आहे, आणि म्हणूनच ते नाव कोठे व कधीपासून येते ह्याला अर्थ आहे. सप्टेंबर १९९३ मध्ये मदतकार्यासाठी आलेल्या विद्यार्थ्यांचा उल्लेख एका निवेदनात होता. त्यांच्या विद्यापीठाचे नाव त्या दिवशी अजून बदलायचे होते. आज्ञेने ते साडेतीन महिने आधीच बदलून टाकले, आणि त्याबरोबर त्या साडेतीन महिन्यांतील प्रतीक्षाही पुसून गेली. जेथे पूर्ण नाव आधीपासूनच होते तेथे ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर’ हे शब्द दोनदा आले. यादी दुसऱ्यांदा चालविल्यामुळे पुढे तिसऱ्यांदाही आले, कारण ह्या बदलातील नव्या साखळीच्या पोटात जुनी साखळी तशीच शिल्लक होती. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या नावात तर दोन थोर पुरुषांची नावे एकापुढे एक उभी राहिली. जी आज्ञा दुसऱ्यांदा चालविली असता पहिल्यापेक्षा वेगळा परिणाम घडविते, ती पहिल्यांदा चालवितानाही विचार करून चालवावी, एवढा धडा ह्यातून मिळाला.

२६८ जागा निवेदकांच्या तोंडच्या. त्यांविषयी निर्णय करावयास वेळ लागला नाही. माणसाने १९९६ साली जो शब्द उच्चारला तो त्याचा आहे. मराठी लेखनविषयक नियमांतदेखील ही मर्यादा मान्य केलेली आहे. मराठी साहित्य महामंडळाच्या नियमांत केशवसुतपूर्वकालीन पद्य आणि विष्णुशास्त्री चिपळूणकरपूर्वकालीन गद्य मूळानुसार छापावे असे सांगितले आहे. नवा नियम करतानाच त्याने आपला काळ कोठून सुरू होतो हे सांगून ठेवले. आज्ञेला असे भान देता येत नाही. ते चालविणाऱ्याने ठेवावयाचे असते.

येथवर सर्व काही परत मिळविता आले, कारण जुनी प्रत होती. खरा पेच उरलेल्या पाच फाइलींत होता. त्या नव्याने टंकित झालेल्या; त्यांची दुसरी प्रत नव्हती. प्रथमदर्शनी उपाय सोपा वाटतो: ‘धाराशिव’च्या जागी पुन्हा ‘उस्मानाबाद’ ठेवावे. विद्यार्थ्याने तसे सुचविलेही. प्राध्यापकांनी त्याला थांबविले. नाव कागदोपत्री बदलण्याच्या कितीतरी आधीपासून ‘धाराशिव’ हे नाव ह्या भागात लोकांच्या तोंडी होते. सातवे निजाम मीर उस्मान अली खान ह्यांच्या नावावरून पडलेले ‘उस्मानाबाद’ दप्तरात स्थिरावले, तरी शहराजवळच्या लेण्यांना धाराशिवची लेणी म्हणणारी आणि बाजाराला धाराशिवला जाणारी माणसे होतीच. वह्यांमध्ये दोन्ही नावे होती. आज्ञेने दोन प्रवाह एका पात्रात सोडले. आता त्या पात्रातून कोणते पाणी कोठले हे उलट आज्ञेने वेगळे होणार नव्हते. उलट आज्ञेने फक्त सगळेच्या सगळे ‘उस्मानाबाद’ झाले असते.

गणित मात्र करता येत होते. एकूण बदल ४१२. त्यांतील ३७१ ची खातरजमा झालेली. म्हणजे ह्या पाच फाइलींत ४१ बदल झाले. ‘धाराशिव’ हा शब्द आता त्यांत ५७ वेळा होता. म्हणजे १६ ठिकाणी तो मूळचाच होता. कोणत्या १६ ठिकाणी, हे फाइल सांगत नव्हती. तेव्हा प्राध्यापकांनी ज्या वह्या आजवर उघडल्या नव्हत्या त्या उघडल्या.

चार वह्या पूर्ण होत्या. पाचवी त्यांच्या आत्यांची. तिची दोन पाने वाळवीने खाल्लेली होती आणि टंकलेखनानंतर, उघडताना, त्यांचा उरलासुरला भाग हातातच चुरला. ५७ पैकी ५२ जागांचा निर्णय वह्यांवरून झाला: १३ ठिकाणी धाराशिव, ३९ ठिकाणी उस्मानाबाद. राहिल्या पाच जागा, सगळ्या त्या दोन पानांवरच्या. त्यांत तीन धाराशिव आणि दोन उस्मानाबाद असणार, एवढे हिशेबाने निश्चित. ह्या पाचांत एक ‘धाराशिवेत’ होते. ज्या रूपाने प्रथम शंका उत्पन्न केली तेच येथे साक्षीला आले. ते रूप आत्यांच्या तोंडचे असूच शकत नव्हते; तो ‘ए’ ‘उस्मानाबादेत’चाच अवशेष होता. लेखकाने दुरुस्त करताना अर्धवट सोडलेली चूकच मूळ पाठापर्यंत नेते, हा पाठचिकित्सेतील जुना अनुभव. आज्ञा व्याकरण जाणत असती, तर ही खूणही उरली नसती.

राहिल्या चार जागा. त्यांत एक उस्मानाबाद, तीन धाराशिव.

एका शब्दाने काय बिघडते, असे कोणी विचारील. आत्यांच्या वहीचा जो भाग शाबूत आहे तो वाचला म्हणजे ह्या प्रश्नाचे उत्तर मिळते. त्या दोन्ही नावे वापरीत, पण सरमिसळ करीत नसत. माहेरच्या आठवणी, बाजार, लग्नाचा बस्ता ह्यांचे गाव धाराशिव. कचेरी, सही, शिक्का, मृतांची यादी, घरवाटपाचा कागद ह्यांचे गाव उस्मानाबाद. एकच शहर त्यांच्या बोलण्यात दोन ठिकाणी वसलेले होते. भूकंपापूर्वीच्या आयुष्यात त्या धाराशिवला जात. भूकंपानंतर उस्मानाबादहून लोक त्यांच्याकडे येत. खराब झालेल्या पानांवर त्या नव्या गावठाणात पहिल्यांदा चूल पेटविल्याचे सांगतात आणि त्या ओघात शहराचा उल्लेख चार वेळा करतात. त्या चारांत एकदा उस्मानाबाद आले आहे. ते कोठे आले, ह्यावर नव्या घरातील त्यांचे पहिले दिवस माहेरच्या भाषेत सांगितले गेले की कागदाच्या भाषेत, हे अवलंबून आहे. आत्या २००७ साली वारल्या. विचारावयास कोणी नाही.

मराठीच्या अभ्यासकाला ह्या परिस्थितीचे नवल वाटू नये. शके १५०६ मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीचे शुद्धीकरण केले आणि तीत पुढे कोणी भर घालू नये असे बजावूनही ठेवले. त्यांचा हेतू आणि अधिकार ह्यांविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु आधी काय होते आणि त्यांनी काय बदलले ह्याची यादी त्यांनी मागे ठेवली नाही. त्या काळी तशी रीतच नव्हती. त्यामुळे एकनाथपूर्व पाठाचा शोध हा मराठी संशोधनाचा स्वतंत्र विषय होऊन बसला, आणि वि. का. राजवाडे ह्यांनी १९०९ मध्ये आपली प्रत एकनाथपूर्व म्हणून प्रसिद्ध केल्यावर तो वाद अधिकच वाढला. उलट महानुभावांच्या लीळाचरित्राच्या पोथ्यांत एकाच लीळेविषयी भिन्न परंपरांचे पाठ त्या-त्या परंपरेच्या नावानिशी नोंदविलेले आढळतात. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीत वि. स. सुकथनकर आणि त्यांच्यानंतरच्या संपादकांनी स्वीकृत पाठाखाली नाकारलेले पाठ छापले, आणि १९६६ मध्ये पूर्ण झालेल्या त्या आवृत्तीशी आजचा वाचक मतभेद दाखवू शकतो तो त्या तळटीपांच्याच बळावर. संपादकाचा निर्णय चुकला तरी नाकारलेला पाठ पानावर असतो.

यंत्राची आज्ञा ही नव्या काळातील लेखनिक आहे. जुना लेखनिक एका पोथीत पाच-पन्नास चुका करी आणि त्या त्याच्या झोपेच्या, घाईच्या, समजुतीच्या खुणा असत. नवा लेखनिक झोपत नाही. तो एकच चूक चारशे ठिकाणी निमिषात आणि अगदी एकसारखी करतो. एकसारखी म्हणूनच ती खुपत नाही. त्याला दोष देण्यात अर्थ नाही, तसा विद्यार्थ्याला देण्यातही नाही. त्याला कोणी पाठचिकित्सा शिकविली नव्हती, आणि ती ज्यांनी शिकवावयाची त्यांना ती फक्त जुन्या पोथ्यांपुरती वाटत होती. हे वाक्य प्राध्यापकांनी स्वतः वर्गात उच्चारले आणि त्यानंतर पदव्युत्तर वर्गाला पाठचिकित्सा शिकविताना ते पहिल्या तासाला दोन फाइली घेऊन येऊ लागले.

त्यांनी घालून दिलेली रीत साधी आहे. आज्ञा मूळ फाइलीवर कधीही चालवू नये. बदललेली प्रत वेगळी तयार करावी. आधी आणि नंतर मोजावे. आणि जेथे नवा शब्द आधीपासूनच आहे तेथे तोही आधी मोजावा. दोन्ही प्रतींची तुलना करून फरकांची यादी अथपासून इतिपर्यंत वाचावी, चाळू नये. ही यादी जे बदलले तेवढेच दाखविते. जे बदलावयास हवे होते आणि राहिले ते दाखवीत नाही, म्हणून सामान्यरूपे आणि लेखनभेद ध्यानात घेऊन दुसरा शोध वेगळा करावा. यादीतील प्रत्येक जागेपाशी एकच प्रश्न विचारावा: हा शब्द कोणाचा? संपादकाचा असेल तर तो बदलण्याचा त्याला अधिकार आहे. दुसऱ्याचा असेल तर नाही. ह्यानंतरच नवी प्रत मूळच्या जागी ठेवावी, आणि मूळ प्रत तरीही टाकू नये.

संग्रहाची मुद्रणप्रत आता तयार आहे. निवेदकांचे शब्द वह्यांप्रमाणे पूर्ववत झाले आहेत. मुखपृष्ठावर जिल्ह्याचे नाव धाराशिव असे आहे. आत बोलणारी माणसे ज्याला जे म्हणत होती ते म्हणतात. आत्यांच्या निवेदनातील त्या चार जागी शहराचे नाव चौकटी कंसात, फुलीच्या खुणेसह, छापले जाईल. विद्यार्थ्याने संदर्भ पाहून त्यांतील कोणती जागा उस्मानाबादची असावी ह्याचा तर्क मांडला होता आणि तो सयुक्तिकही होता. प्राध्यापकांनी तो ऐकून घेतला, तळटीपेत त्याच्या नावे नोंदविला, आणि वरचा पाठ तसाच ठेवला. टीप लहानशी आहे: येथे मूळ पान उपलब्ध नाही, खुणेच्या चार जागांपैकी तीन ठिकाणी ‘धाराशिव’ आणि एके ठिकाणी ‘उस्मानाबाद’ असा शब्द होता, तो संपादनात बदलला गेला.